गाणं म्हणजे चिठ्ठी नव्हे

चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ला गेला. लिंकिन पार्क या अमेरिकन बँडचा गायक, वय ४१. त्याने आत्महत्या केली. बातमी आली तेव्हा आपल्याकडे रात्र होती. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. तेव्हापासून आजवर त्याच्याबद्दल जे हाती लागलं ते वाचत आलोय: मृत्युलेख, जुन्या मुलाखती, अल्बमांवरचे लांबलचक लेख, दर जुलैला न चुकता येणारी स्मरणं. वाचून वाचून माझं एक मत पक्कं झालंय, आणि ते सौम्य शब्दांत मांडायचा माझा अजिबात इरादा नाही. आत्महत्येने गेलेल्या कलाकाराबद्दल आपण जे लिहितो आणि वाचतो, त्यातला मोठा भाग निव्वळ पंचनामा असतो. पंचनामा प्रेताचा व्हायचा तो गाण्यांचा होतो. आणि त्याची किंमत जिवंत माणसं मोजतात.

या लेखांचा साचा ठरलेला आहे. सुरुवातीला लेखक स्वतःच्या शाळेच्या दिवसांबद्दल लिहितो. मग 'नंब', 'क्रॉलिंग', 'इन द एंड', 'लीव्ह आउट ऑल द रेस्ट' ही नावं ओळीने येतात. प्रत्येक गाण्यातून एकेक वाक्य चिमट्याने उचललं जातं आणि काचेखाली ठेवलं जातं. शेवटी निष्कर्ष: तो सतरा वर्षं सांगत होता, आपण ऐकलं नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. लेख पुढे पाठवला जातो.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. कसा, ते एकेक करून बघू.

पहिली गोष्ट, ही गाणी लिहिली कुणी? मेटल-रॉक ऐकणाऱ्या आपल्या पोरांनाही अनेकदा वाटतं, की गातो तोच लिहितो आणि लिहितो ते स्वतःबद्दलच. 'ब्रेकिंग द हॅबिट' हे २००३च्या 'मेटिओरा' अल्बममधलं गाणं घ्या. चेस्टरच्या व्यसनाची कबुली म्हणून ते आजही वाचलं जातं. ते लिहिलं माइक शिनोडाने, स्वतःच्या एका मित्रावरून, आणि त्याची सुरुवात चेस्टर बँडमध्ये येण्याच्या आधीची आहे. चेस्टर आला १९९९मध्ये. त्याला शब्द हातात मिळाले तेव्हा ते इतके आपले वाटले की गाताना त्याचा आवाज भरून यायचा, हे खरंच आहे. पण ही तर वाचकाची गोष्ट झाली! दुसऱ्याने तिसऱ्यासाठी लिहिलेलं काहीतरी आपल्यासाठी लिहिलंय असं वाटणं, हा अनुभव माझा आहे, तुमचा आहे, आणि त्या गाण्यापुरता चेस्टरचाही होता. तो तिथे लेखक नव्हता, आपल्यासारखाच एक श्रोता होता. फरक इतकाच की माइक त्याच्या हातात होता.

'वन स्टेप क्लोजर' हे पहिल्या अल्बममधलं पहिलं गाजलेलं गाणं. कड्यावर उभ्या असलेल्या माणसाचं गाणं म्हणून ते आता वाचतात. बँडने स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की निर्माता डॉन गिलमोर शब्द पुन्हा पुन्हा बदलायला लावत होता आणि त्याच वैतागातून ते गाणं निघालं. ज्याने कधी क्लायंटकडून आठव्यांदा 'जरा वेगळं करून बघा' ऐकलंय त्याला तो राग अचूक ओळखता येईल. 'इन द एंड'ची मुख्य बांधणी शिनोडाची. चेस्टरला तर ते गाणं सुरुवातीला आवडलंच नव्हतं, अल्बमवर असू नये असं त्याचं मत होतं, आणि हे त्याने हसत हसत जाहीर सांगितलंय. आता या माणसाची शेवटची इच्छा त्याच गाण्यात शोधायला निघालेल्यांना काय म्हणावं?

'क्रॉलिंग' मात्र खरंच त्याच्या अनुभवातून आलेलं आहे. दारू आणि नशेपुढे आपला ताबा सुटतो त्याबद्दल ते आहे, असं तो म्हणालेला आहे. पण त्याच गाण्याबद्दल त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी लेखांत फारशी येत नाही: मंचावर गायला हे गाणं त्याला फार जड जायचं. हा वेदनेचा मुद्दा नाही, गळ्याचा आहे. श्वास कुठे घ्यायचा, आवाज कुठे फाडायचा, आणि फाडलेला आवाज पुढच्या ओळीला पुन्हा सुरात कसा आणायचा. २००७च्या 'गिव्हन अप'मध्ये तो सलग १७ सेकंद किंचाळतो. नुसत्या दुःखाने १७ सेकंदांची किंकाळी निघत नाही. त्यासाठी फुप्फुसं लागतात, रियाज लागतो, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरात तेच पुन्हा करता येईल इतकी शिस्त लागते. या माणसाच्या कसबाबद्दल आठ वर्षांत मी जितकं वाचलं त्याच्या कितीतरी पट त्याच्या मरणाबद्दल वाचलंय. एका कारागिराचा याहून मोठा अपमान मला सुचत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली आहे. सर्व्हर बंद पडला की आम्ही लॉग उघडतो. बंद पडण्याच्या पाच मिनिटं आधी तिथे एक इशारा दिसतो, आणि नवखा पोरगा ओरडतो, सापडलं! जुनी माणसं त्याला विचारतात, हाच इशारा काल होता का? परवा? होता. गेले दोनशे दिवस रोज होता आणि सर्व्हर चालू होता. मग तो इशारा कारण नव्हे. फार तर तो तिथे नेहमी असणारा आवाज होता. चेस्टरने 'इन द एंड' २०००पासून २०१७पर्यंत किती रात्री गायलं असेल? प्रत्येक वेळी गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तो हॉटेलवर गेला, झोपला, सकाळी उठला. त्या सगळ्या रात्रींचा हिशेब हे लेख करत नाहीत. ते फक्त एक दिवस घेतात आणि मागच्या सगळ्या रात्री त्या दिवसाकडे जाणारा रस्ता म्हणून रंगवतात. शेवट माहीत असला की सुरुवातीपासून तोच दिसत होता असं वाटणं, या मनाच्या खोडीवर मानसशास्त्रात पन्नासेक वर्षांचं काम आहे. पण रडवणारा लेख लिहायचा असला की ते आठवत नाही.

आणि उलटं वाचायचं ठरवलं तर तेही शक्य आहे. ज्या माणसाने स्वतःवर लहानपणी झालेला अत्याचार, व्यसन, नैराश्य हे सगळं अंगावर वागवत ही गाणी सतरा वर्षं गायली, त्याला त्या गाण्यांनीच इतकी वर्षं तगवलं नसेल कशावरून? मी हे सिद्ध करू शकत नाही. पण 'गाणी म्हणजे मरणाची सूचना' हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. मग दोन न सिद्ध झालेल्या गोष्टींपैकी आपण नेमकी हीच का उचलतो?

आता समोरच्या बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं घेऊ. ते असं: पण त्याने सांगितलं होतंच ना? हो, सांगितलं होतं. २०१७च्या सुरुवातीला 'हेवी' या गाण्यानिमित्त दिलेल्या मुलाखतीत त्याने अगदी सरळ सांगितलं, की माझं डोकं ही वाईट वस्ती आहे, तिथे मी एकटा फिरणं बरं नाही. मे महिन्यात त्याचा जिवलग मित्र, साउंडगार्डनचा क्रिस कॉर्नेल आत्महत्येने गेला. त्याच्या अंत्यविधीत चेस्टर गायला. त्याचं दुःख सगळ्या जगाने पाहिलं.

पण मग यात गूढ वाचण्यासारखं काय होतं? त्याने सरळ गद्यात सांगितलं, कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या नावाने. संकेत शोधायची वेळ येते ती माणूस बोलत नसेल तेव्हा. इथे माणूस बोलत होता. आणि तरीही काय झालं बघा. त्याची पत्नी टलिंडा हिने नंतर एक व्हिडिओ जगासमोर ठेवला, त्याच्या मृत्यूच्या सुमारे ३६ तास आधीचा. त्यात तो मुलांबरोबर विचित्र चवींच्या गोळ्या खाण्याचा खेळ खेळतोय आणि खदाखदा हसतोय. नैराश्याला ठरावीक चेहरा नसतो, हे तिला त्यातून सांगायचं होतं. ज्या बाईने त्याच्याबरोबर संसार केला तिला शेवटच्या दिवसांत दिसलं नाही, ते तुम्हाआम्हाला हेडफोनमधून ऐकू यायला हवं होतं असं म्हणणं, ही शुद्ध उर्मटपणाची गोष्ट आहे. वर या म्हणण्यातून तिच्यावर जो ठपका बसतो तो वेगळाच. 'आपण ऐकलं नाही' या वाक्यातला 'आपण' कोण? लिहिणारा स्वतःला त्यात धरल्याचा आव आणतो, पण बोट जातं घरच्यांकडे.

याच चाहत्यांचं आणखी एक प्रकरण सांगतो. १९ मे २०१७ला 'वन मोअर लाइट' हा अल्बम आला. बँडने या वेळी आधी शब्द आणि मग संगीत अशी पद्धत धरली, बाहेरचे गीतकार सोबत घेतले, गिटारचा गोंगाट बराच कमी केला. झालं! कडव्या चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं. बँड विकला गेला, पॉप झाला, पैशासाठी झुकला. मुलाखतींत चेस्टर या आरोपांवर चिडून बोलला. दोन महिन्यांनी तो गेला, आणि तोच अल्बम एका रात्रीत अमर कलाकृती झाला. एका तरी गाण्याचा एक तरी सूर मधल्या काळात बदलला होता का? बदललं होतं ते एवढंच, की आता तो चिठ्ठी म्हणून वाचता येत होता. म्हणजे गाणं म्हणून जे टाकाऊ होतं ते पुरावा म्हणून मौल्यवान ठरलं. याला मी प्रेम म्हणायला तयार नाही.

त्या अल्बमचं शीर्षकगीत तर या सगळ्या पंचनाम्याला उत्तरच आहे. ते शिनोडाने एग व्हाइटबरोबर लिहिलं, रेकॉर्ड कंपनीतल्या एका जवळच्या सहकारी स्त्रीच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूनंतर. १८ मेला, कॉर्नेल गेल्याचं कळलं त्याच दिवशी, बँड जिमी किमेलच्या कार्यक्रमात गाणार होता. त्यांनी ठरलेलं गाणं बाजूला ठेवलं आणि कॉर्नेलसाठी हे गायलं. जुलैनंतर जगभर ते वाजलं चेस्टरसाठी. एकच गाणं, तीन माणसं. चिठ्ठीवर पत्ता असतो, ती एकालाच जाते. गाण्यावर पत्ता नसतो म्हणून तर ते प्रत्येकाच्या घरी जाऊ शकतं. हे साधं सत्य सोडून त्याच्यावर जबरदस्तीने चेस्टरचा पत्ता टाकणाऱ्यांनी ते गाणं लहान केलं.

असं वाचायची सवय फक्त इंग्रजी रॉकवाल्यांना आहे असं कुणी समजू नये. आपल्याकडे बालकवी ५ मे १९१८ला भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेले, वयाच्या २८व्या वर्षात. तो अपघात होता. पण 'औदुंबर' शिकताना पाण्यात पाय सोडून बसलेल्या त्या झाडापेक्षा कवीच्या अकाली मरणाबद्दल जास्त ऐकलेली मुलं माझ्या वर्गात होती. आठ ओळींच्या कवितेत इतकं बघण्यासारखं असताना आपण मरणच बघायला शिकतो. पुढे हेडफोन लावल्यावर वेगळं काय करणार?

आता अपायाबद्दल. 'जिवंत माणसं किंमत मोजतात' असं मी वर म्हटलं, ते अलंकार म्हणून नाही.

हॉस्टेलवर माझा एक मित्र होता. नाव देत नाही. तो 'मेटिओरा' आणि 'हायब्रिड थिअरी' सोडून फारसं काही ऐकायचा नाही. तिसऱ्या वर्षात तो हळूहळू खचत गेला: मेसमध्ये येईना, प्रॅक्टिकल बुडवायला लागला, दिवसा झोपायचा. त्याच सुमाराला त्याच्या वडिलांकडे व्हॉट्सअॅपवरून एक लेख पोचला. चेस्टरची गाणी, त्यातले 'संकेत', आणि शेवटी पालकांना सल्ला, की मुलं काय ऐकतात ते तपासा. वडिलांनी दिवाळीत त्याचा फोन घेतला, सगळी गाणी पुसली, पुन्हा ऐकणार नाही अशी आईची शपथ घालायला लावली. खोलीतल्या मुलांना लक्ष ठेवायला सांगून गेले. त्यांच्या काळजीबद्दल मला शंका नाही. पण परिणाम काय झाला, तर दिवसातला जो एक तास त्याला जरा बरं वाटायचं तोच गेला. मला तो म्हणाला होता, "गाणी ऐकली की घरच्यांना भीती वाटते, नाही ऐकली की मला वाटते."

पुढे त्याची मावसबहीण, जी नर्सिंग शिकत होती, त्याला भेटायला आली. चहाच्या टपरीवर तिने त्याला सरळ विचारलं, "तुला मरावंसं वाटतं का रे?" तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती त्याला मानसोपचार ओपीडीत घेऊन गेली. आज तो नोकरी करतो, गोळ्या चालू आहेत, 'मेटिओरा'ही चालू आहे. मागे एकदा त्याने जे सांगितलं ते या लेखाचं खरं कारण आहे. तो म्हणाला, "चार महिने सगळे माझी प्लेलिस्ट वाचत होते. मला कुणी विचारलंच नाही."

असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, हा गैरसमज असल्याचं जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगते आहे. सरळ विचारणं सुरक्षित असतं, बहुतेकदा सुटकेचं असतं. गाण्यांची तपासणी मात्र दोन्हीकडून मारते. आजारी माणसाला ती सांगते, तुझं दुःख आम्ही तुझ्या तोंडून ऐकणार नाही, तुझ्या फोनमधून काढून घेऊ. आणि बरं असलेल्या माणसाला ती सांगते, उदास गाणं आवडणं हे लक्षण आहे, लपव. एकदा का पोरं लपवायला लागली की मग 'ऐकलं नाही' म्हणून गळे काढायला आपण मोकळे!

याहून काळी बाजू तिसरी आहे. प्रसिद्ध माणसाच्या आत्महत्येचं वर्णन ज्या पद्धतीने होतं त्याचा पाठोपाठच्या आत्महत्यांशी संबंध असतो, हे १९७४मध्ये डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं. गटेच्या कादंबरीतल्या नायकावरून त्याने या प्रकाराला वेर्थर परिणाम म्हटलं. उलट, संकटातून माणूस कसा बाहेर आला हे सांगणाऱ्या मजकुराने जीव वाचायला मदत होते, असंही पुढे २०१०मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी मांडलं. म्हणून पत्रकारांसाठी नियम आहेत: पद्धतीचं वर्णन नको, एकच कारण चिकटवू नका, मृत्यूला उदात्त रंग देऊ नका. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९मध्ये हे स्वीकारले. आता 'गाण्यांतून लिहिलेली सतरा वर्षांची चिठ्ठी' हा प्रकार या कसोटीवर लावून बघा. एकच कारण चिकटवलेलं, मरणाला कलेचा कळस केलेला. २० जुलै हा कॉर्नेलचा जन्मदिवस, हा योगायोग तर प्रत्येक लेखात देवघरातल्या समईसारखा तेवत ठेवलेला असतो. मित्राच्या आत्महत्येने खचलेल्या माणसाचा धोका वाढतो, ही गंभीर वैद्यकीय गोष्ट आहे आणि ती तशी सांगायला हवी. तिची दंतकथा करणारे लोक पुढच्या खचलेल्या वाचकाच्या हातात काय देत आहेत, याचा त्यांनी एकदा विचार करावा.

चिठ्ठीवाचनाचं शेवटचं टोक २०२४मध्ये दिसलं. सप्टेंबरमध्ये बँड परत आला, एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका घेऊन. नोव्हेंबरमध्ये 'फ्रॉम झीरो' आला. नावातच बँडच्या 'झीरो' या पहिल्या नावाची आठवण. नवी गाणी आवडणं न आवडणं, नव्या गायिकेबद्दल आक्षेप असणं, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण 'चेस्टरला हे चाललं नसतं' असं छातीठोकपणे सांगणारे हजारो लोक उगवले. कुणी सांगितलं यांना? गाण्यांनी! एकदा गाणी म्हणजे मृताने आपल्याला खाजगीत लिहिलेली पत्रं असं ठरलं, की मग आपण त्याचे वारस, त्याच्या मृत्युपत्राचे अंमलदार, आणि त्याच्याबरोबर वीस वर्षं बसमधून फिरलेले मित्र मात्र परके.

शिनोडाने काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्याने २०१८मध्ये 'पोस्ट ट्रॉमॅटिक' काढला. त्यात तो चेस्टर का गेला हे सोडवायला बसलेला नाही. मित्र गेल्यावर मागे राहिलेल्याची रोजची भंबेरी त्यात आहे: पहिल्यांदा मंचावर जाताना काय वाटतं, लोक कसे बघतात. त्याच्याकडे चेस्टरबद्दल आपल्यापेक्षा हजारपट जास्त माहिती होती, तरी तो तपासनीस झाला नाही. आपल्याकडे चार अल्बम आणि एक इंटरनेट कनेक्शन, आणि आपला निकाल तयार.

मी वाचू नका म्हणत नाही. मी स्वतः वाचतच राहणार आहे. पण चाहत्याने वाचायचं तर हे वाचावं: गिलमोरने शब्द कितीदा बदलायला लावले, दोन गायकांचे आवाज एकमेकांच्या मधे कसे बसवले, टर्नटेबल आणि गिटार एकाच गाण्यात कसे नांदले, उन्हाळी दौऱ्यात रोज किंचाळणारा गळा कसा सांभाळतात. आणि मृत्यूबद्दल वाचायचं तर आजार म्हणून वाचावं, कोडं म्हणून नाही. कोडं सुटल्यावर माणूस पुस्तक मिटतो. आजाराबद्दल कळल्यावर तो शेजारच्याकडे बघतो.

२७ ऑक्टोबर २०१७ला हॉलिवूड बोलमध्ये बँडने त्याच्या आठवणीत कार्यक्रम केला. 'नंब'च्या वेळी मंचावर गायक नव्हता. रिकाम्या माइकवर प्रकाश सोडला होता, बँड वाजवत होता, आणि सगळं गाणं लोकांनी म्हटलं. ती हजारो माणसं तेव्हा कुणाची चिठ्ठी वाचत नव्हती. आपापल्या घरी, नोकरीत, आजारात त्यांना जे सहन होत नव्हतं ते एका तालात मोठ्याने म्हणत होती. गाणं त्यासाठी असतं.

तुमच्या ओळखीत कुणी खचलेलं असेल तर त्याच्या फोनमधली गाणी राहू द्या. समोर बसा आणि विचारा. उत्तर ऐकून काय करावं सुचलं नाही, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलतो. तो जपून ठेवा. चेस्टरच्या नावाने काही करायचंच असेल तर एवढं करा.